जपानी ब्राँझ प्राणी: मुद्रा बघावी की ओतकाम?

कासारआळी: मेजी काळातल्या (१८६८–१९१२) ब्राँझच्या वाघ-हत्तींचा भाव पोटावरच्या मुद्रेवरून, म्हणजे कारागिराच्या नावाच्या ठशावरून ठरतो, हे मला पटत नाही. गेन्र्युसाई सेइया या कारागिराचं नाव अप्रतिम वाघांवर सापडतं आणि सुमार हत्तींवरही. १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली, तलवारीचा साज घडवणाऱ्यांचं गिऱ्हाईक गेलं आणि त्यातले बरेच हात निर्यातीच्या मूर्तींकडे वळले. किंमत द्यायची ती त्या छिन्नीला.

शिबुइची: अर्धंच बरोबर. ब्राँझ शिल्पकार सुझुकी चोकिचीचे बारा ससाणे घ्या. व्यापारी हायाशी तादामासाने ते करवून घेतले आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात मांडले. आज ते कानाझावाच्या राष्ट्रीय कला-हस्तकला संग्रहालयात आहेत. अनेक कारागिरांचं काम एका नावाखाली आलं म्हणूनच त्याचा माग राहिला. निनावी वाघाला इतिहास कुठून आणणार?

कासारआळी: ससाण्यांमागे प्रदर्शनाच्या नोंदी आहेत, बाजारातल्या सेइयामागे बहुतेकदा काहीच नसतं. मुद्राही साच्यातून ओतता येते! अस्सल मूर्तीवरून साचा काढून केलेली नक्कल धातू थंड होताना एक-दोन टक्के आकसते. म्हणजे ३० सेंमीचा वाघ ३ ते ६ मिमी आखूड भरतो. मूळ कामात ओतल्यानंतर केसन्‌केस छिन्नीने उठवलेला असतो. भिंग लावलं की रेघेची धार दिसते. नकलेत ती बोथट, साबणाच्या वडीसारखी.

जस्तफूल: त्याआधी धातू तपासा. जस्ताच्या मिश्रधातूवर काळा रंग चढवून ब्राँझ म्हणून विकतात. तळाच्या न दिसणाऱ्या कडेला बारीक ओरखडा काढा: आत राखाडी-पांढरं दिसलं तर जस्त, तांबूस-पिवळं दिसलं तर ब्राँझ. मात्र विकणाऱ्याला विचारूनच. ॲसिटोनचा बोळा फिरवून रंग सुटतो का बघायची युक्ती सगळे सांगतात, पण जपानी पृष्ठभागावर कधीकधी लाखेचा थरही असतो, तोही खराब होऊ शकतो.

शिबुइची: मान्य. आणि कृपा करून चिंच-मीठ लावू नका. तो गडद तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे, रोकुशोसारख्या (तांब्याच्या क्षारांचं जपानी मिश्रण) द्रावणांत मुद्दाम आणलेला थर आहे. तो गेला की मूर्ती देवघरातल्या पितळेसारखी चकाकते आणि भाव कोसळतो.

जस्तफूल: पण हात न लावणं हेही नेहमी बरोबर नाही. फिकट हिरवी, भुकटीसारखी पुटकुळी दिसली आणि पुसल्यावर परत आली, तर तो साधा कळंक नव्हे. आतलं क्लोराइड, हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन मिळून आम्ल तयार होतं, ते धातू खात जातं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे झपाट्याने वाढतं. सिलिका जेल घालून बंद पेटीत, आर्द्रता ४० टक्क्यांखाली ठेवा. जेल ओलं झालं की वाळवून घ्या. पुढचा उपचार संवर्धकाकडे.

शिबुइची: हत्ती घेणाऱ्यांनी सुळे बघा. ते कधीकधी खऱ्या हस्तिदंताचे असतात, आणि भारतात त्याचा व्यापार बंद आहे. मूर्ती जुनी आहे म्हणून सूट मिळेल, या भरवशावर परदेशातल्या लिलावात बोली लावू नका.

कासारआळी: आणि अशा हत्तींच्या पोटावरही मुद्रा असू शकते!