चराईवर वाढवलेले बोकड : मटण विकावे की जिवंत जनावर?

माणगंगा :
नमस्कार. माण तालुक्यात आमची चार एकर कोरडवाहू जमीन आहे आणि तिला लागूनच गावचे गायरान आहे. उस्मानाबादी शेळ्यांचा लहानसा कळप दिवसभर तिथे चरतो; संध्याकाळी गोठ्यात शेवरी, बाभळीच्या शेंगा आणि हरभऱ्याचा भुसा मिळतो, मका किंवा पेंड मुळीच नाही. 2015 च्या कायदादुरुस्तीने राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून मांसासाठी पाळण्याजोगी जनावरे म्हणजे म्हैसवर्ग आणि शेळ्या-मेंढ्या एवढीच उरली, आणि म्हशीला पुरेल इतके पाणी आमच्याकडे नाही. सध्या दारावर येणारा व्यापारी बोकड उक्ते, म्हणजे वजन न करता अंदाजाने, घेऊन जातो. पुण्यातील काही परिचित मात्र धान्य न चारलेल्या बोकडाच्या मटणाला जास्त पैसे देण्यास तयार आहेत. थेट मटण विकावे, की जिवंत जनावर विकणेच बरे?

सीनाकाठ :
तुमचे नुकसान चराईमुळे होत नसून उक्त्या सौद्यामुळे होत आहे. व्यापारी बोकडाच्या कमरेवर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठा दाबून मांस चाचपतो आणि मनातल्या मनात वजन बांधतो. विकणाऱ्याला ते वजन ठाऊक नसते, म्हणून घासाघीस सुरू होण्यापूर्वीच तो मागे पडलेला असतो. टांगता काटा आणि बोकडाच्या पोटाखालून घेता येईल असा गोणपाटाचा झोला एवढे साहित्य जवळ ठेवावे, दर महिन्याला वजने वहीत लिहावीत आणि जिवंत वजनावर किलोचाच भाव ठरवावा. वजन सकाळी, कळप सोडण्यापूर्वी करावे, कारण चरून आलेल्या बोकडाच्या पोटात चारा-पाणी भरलेले असते आणि संध्याकाळच्या वजनात जाणता गिऱ्हाईक घट धरणारच.

मटणाचा हिशेब वरवर आकर्षक दिसतो. 25 किलोच्या बोकडाचे साधारण 11 ते 12 किलो मटण पडते; मुंडी, पाये आणि वजडी निराळी. शहरातील बहुतेकांना मांडी आणि चाप हवे असतात, उरलेले तुमच्या गळ्यात पडते, आणि बर्फात घालून ते पुण्यापर्यंत नेण्याचा खर्चही तुमचाच. त्यापेक्षा गावाकडची वाट्यांची रीत त्यांना सुचवून पाहावी : चार कुटुंबांनी मिळून अख्खा बोकड जिवंत वजनावर विकत घ्यावा, तो परवानाधारक ठिकाणी त्यांनीच कापून घ्यावा, आणि प्रत्येक वाट्यात मांडी, चाप, कलेजी, वजडी सगळे थोडे थोडे यावे. चराईच्या बोकडाला चरबी कमी असते आणि वय थोडे जास्त असते, त्यामुळे मटण शिजायला वेळ लागतो, हे त्यांना आधीच सांगावे. नाहीतर पहिल्याच रविवारी ‘मटण चिवट निघाले’ असा फोन येतो.

पशुवैद्य :
वरील मताशी मी सहमत आहे. मटण विकायचेच ठरवले, तर अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागेल. कत्तलखान्यांविषयीच्या 2001 च्या नियमांप्रमाणे नगरपालिकेच्या हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही, आणि गाभण शेळी तर कापताच येत नाही.

चराईच्या कळपाला औषधपाण्याचा खर्च चुकत नाही. पहिल्या पावसानंतर उगवलेल्या कोवळ्या गवतावर शेळ्या तुटून पडतात आणि आंत्रविषाराने (आतड्यातील जंतूंच्या विषामुळे होणाऱ्या रोगाने) धडधाकट करडू एका रात्रीत दगावते. म्हणून त्यावरची लस मे महिन्यातच टोचून घ्यावी. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस करडे तीन-चार महिन्यांची झाल्यावर द्यावी. जंतनाशक पावसाळ्यापूर्वी व नंतर द्यावे, आणि पावसाळ्यात दव सुकल्याशिवाय कळप सोडू नये.

माणगंगा :
दोघांचेही आभार. वाट्यांची कल्पना पटली आणि काटाही घेतो आहे. आणखी एक शंका : ईदसाठी काही बोकड राखायचे असल्यास ते खस्सी करावेत (खच्ची करावेत) का?

सीनाकाठ :
खस्सी बोकड कुर्बानीला चालतो, अंगाने भरतो आणि मटणाला उग्र वास येत नाही. मात्र काही गिऱ्हाइकांना आंडीलच हवा असतो, म्हणून आधी मागणी विचारून घ्यावी. बोकडाला वर्ष पूर्ण झालेले असावे. बहुतेक गिऱ्हाईक दोन दात (दुधाचे पडून आलेले पहिले दोन पक्के दात) पाहूनच सौदा करतात. शिंग मोडलेला किंवा लंगडणारा बोकड त्या बाजारात उभा करूच नये. ईद दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकते, हे ध्यानात ठेवून शेळ्या फळवाव्यात. 2027 ची ईद मेच्या मध्यास येते. शेळीचे गाभणपण पाच महिन्यांचे, म्हणजे 2025 च्या ऑगस्टात फळलेल्या शेळीचे करडू त्या वेळी सोळा महिन्यांचे असेल. एवढ्या काळाच्या चाऱ्याचा खर्च भावात धरायला मात्र विसरू नये. गायरान फुकट असले तरी राखणाऱ्याची मजुरी फुकट नसते.