महाविद्यालयातील जुना वनस्पतिसंग्रह : वर्णानुक्रमे लावावा की कुलाप्रमाणे?

माहुलीकर (सातारा)

नमस्कार. आमच्या महाविद्यालयात दोन लोखंडी कपाटांत वाळवलेल्या वनस्पतींच्या चारशेच्या आसपास शीट्स आहेत. बहुतेक नमुने कास, यवतेश्वर, ठोसेघर आणि अजिंक्यतारा येथील असून ते माझ्या नोकरीच्या आधीच्या काळातील आहेत. निवृत्तीनंतर ही कपाटे लावून देण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. इंग्रजी वर्णानुक्रमाने लावावे असे मनात होते, कारण नाव माहीत असले की कोणालाही शीट सापडेल. परंतु कोलकात्याजवळच्या शिबपूर वनस्पती उद्यानातील संग्रह ब्रिटिश काळात कुलांच्या (एकमेकांशी नाते असलेल्या वनस्पतींच्या शास्त्रीय गटांच्या) क्रमाने लावल्याचे वाचनात आले. एवढा खटाटोप त्यांनी कशासाठी केला असेल, आणि तो आम्हांला झेपेल का?

दुसरी अडचण अधिक दुखरी आहे. पूर्वी कधीतरी ‘स्वच्छ प्रती’ काढण्याच्या उत्साहात जुन्या चिठ्ठ्या फेकून टंकलिखित चिठ्ठ्या चिकटवण्यात आल्या. तारीख नाही, संग्राहकाचे नाव नाही. ठिकाण म्हणून नुसते ‘कास’.

कृष्णाकाठ (वाई)

शिबपूरचा क्रम हौसेतून आलेला नाही. ते उद्यान १७८७ मध्ये रॉबर्ट किड यांनी सुरू केले, तेव्हा दृष्टी व्यापारी उपयोगाच्या झाडांवर होती. पुढे उद्यानाचे अधीक्षक नॅथॅनियल वॉलिच यांच्या कारकिर्दीत प्रचंड नमुने जमले. पण १८२८ मध्ये ते हा साठा घेऊन लंडनला गेले, तेथे त्याची क्रमांकवार यादी झाली आणि जोडनमुने (एकाच नमुन्याच्या जादा प्रती) युरोपभर वाटले गेले. त्या यादीत नऊ हजारांहून अधिक क्रमांक आहेत आणि आपल्या कामाची गोष्ट येथेच आहे : वॉलिच यांचा क्रमांक हा एका वेळी तोडलेल्या झाडाचा नसून जातीचा असल्यामुळे, एकाच आकड्याखाली निरनिराळ्या ठिकाणांचे आणि निरनिराळ्या संग्राहकांचे नमुने येतात. अभ्यासकांना ती गुंतागुंत आजही सोडवत बसावी लागते. आपल्या ‘कास’ची गतही थोडीफार तीच आहे.

जॉर्ज किंग १८७१ मध्ये अधीक्षक झाले. त्यांच्या काळात संग्रहासाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांचा ब्रिटिश भारताच्या वनस्पतींवरील सात खंडांचा ग्रंथ १८७२ ते १८९७ या काळात, म्हणजे किंग यांच्याच कारकिर्दीत, प्रसिद्ध होत होता. ग्रंथ बेंथॅम आणि हूकर यांनी ठरवलेल्या कुलांच्या क्रमाचा (बेंथॅम-हूकर पद्धतीचा) आणि कपाटेही त्याच पद्धतीची, त्यामुळे पुस्तकाचे पान उघडे ठेवून कपाटाशी उभे राहिले की शेजारच्या जाती शेजारीच हाताला लागत. आपल्याकडे थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथही (१९०१-१९०८) याच क्रमाने जातो. विद्यार्थी अजून कुक उघडत असतील, तर कुलाचा क्रमच सोयीचा.

टीपकागद (सांगली)

वर्णानुक्रमाला माझा स्पष्ट विरोध आहे, कारण नावे बदलतात. बाभूळ आणि खैर दोन्ही पूर्वी ‘अकेशिया’ या एकाच शास्त्रीय गटात होते; आता बाभूळ ‘व्हॅचेलिया’त आणि खैर ‘सेनेगॅलिया’त गेला. कारवी कुठे ‘स्ट्रोबिलँथस’ म्हणून सापडेल, कुठे ‘कार्विया’ म्हणून. वर्णानुक्रमात दर वेळी शीट एका कपाटातून दुसऱ्यात हलवावी लागेल. कुलाच्या क्रमात ती फार तर दोन बोटे सरकेल. वर्णानुक्रम नोंदवहीत ठेवावा, तिथे मराठी नावेही घालता येतील.

चिठ्ठ्यांविषयी : टंकलिखित चिठ्ठी काढू नये, तीही आता इतिहासच आहे. जे नव्याने कळेल ते वेगळ्या चिठ्ठीवर, आजची तारीख आणि आपली सही घालून, शेजारी लावावे. कपाटाच्या तळाशी वर्तमानपत्रात तसेच राहिलेले नमुने असतील तर तो कागद फेकण्यापूर्वी वरचा कोपरा वाचावा. आमच्याकडे सीतेच्या आसवांचा (या नावाच्या नाजूक रानफुलाचा) एक नमुना कागदाला असा चिकटला होता की त्याच्या देठांवर बातमीची अक्षरे उलटी उमटली होती. त्या अंकाच्या तारखेमुळे नमुना त्याआधीचा नाही एवढे तरी ठरले. रद्दी जुनी वापरलेली असू शकते, म्हणून ती तारीख संग्रहाची मानू नये.

हातमोजे मात्र विसरू नका. जुन्या नमुन्यांना किडीसाठी मर्क्युरिक क्लोराइड लावण्याची सर्रास पद्धत होती आणि पारा कागदात राहतो. किडीचा भुसा दिसला तर तो गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे वीस अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर दव धरून बुरशी येते. पावसाळ्यात तर नाहीच.

माहुलीकर (सातारा)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज तळाचा खण उघडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन गठ्ठे निघाले. एकात वायतुऱ्याचे (पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतीचे) कंद आहेत आणि कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहिले आहे : ‘तळ्याच्या वरची सपाटी, पाणी घोट्याएवढे’. खाली फक्त आद्याक्षरे आहेत. त्या काळच्या हजेरीपटाशी ती ताडून पाहण्यासाठी कार्यालयाकडे अर्ज दिला आहे.