सोसायटी ग्रुप: चिंगी कोंबडीचा तुरा परत पांढरा

शुभदा (बी-203): चिंगीच्या तुऱ्यावर परत पांढरं आलंय. जूनपासून तिसरी वेळ. ट्यूब लावली की आठ दिवसांत साफ, सोडली की पुन्हा पीठ भुरभुरल्यासारखं. या वेळी चोचीखालच्या लोंबत्या लाल पाळ्यांवर पण आहे. डॉक्टरताई, फोटो टाकलाय, जरा बघता का?

कामत काका (ए-102): पिंजरा जिन्याखालून हलवा.

गौरेश (सी-104): श्रावण संपायच्या आत बरी करा. वडे आम्ही आणतो 😄

शुभदा: गौरेश, दर वेळी तेच. हसायला येत नाही आता.

डॉ. सावर्डेकर (सी-301): फेवस दिसतोय, म्हणजे कोंबडीचं गजकर्ण. कोंबड्यांना होणाऱ्या देवी असत्या तर चामखिळीसारख्या टणक, काळपट खपल्या आल्या असत्या. देवी डासांमुळे पसरतात आणि त्यांवर बुरशीचं मलम चालत नाही. इथे भुसभुशीत खवले आहेत. कोणती ट्यूब लावताय? मागची बाजू दाखवा.

शुभदा: 📷 मेडिकलमधून मागितली तर हीच दिली.

डॉ. सावर्डेकर: इथेच घोळ आहे. क्लोट्रिमाझोल ठीक, पण शेजारी बेक्लोमेथासोन लिहिलंय ना? ते स्टेरॉइड. लाली आणि खाज पटकन बसते, म्हणून बरं झाल्यासारखं वाटतं. बुरशी तशीच राहते आणि त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते. ट्यूब थांबली की उसळी. साधी क्लोट्रिमाझोल 1 टक्का किंवा मायकोनाझोल 2 टक्के घ्या, नुसतं एकच औषध असलेली. बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही छापलेलं असेल तर परत करा.

मंगल काकी (बी-001): हळद आणि खोबरेल लाव गो.

नाईकबाब (सी-002): काकी, तेल नको. तेलाला तुसाची धूळ चिकटते आणि पिसांत चिकचिक होते. टी ट्री ऑइल तर अजिबात नको, पक्ष्यांना विषारी. जांभळं औषधही नको, त्या रंगाखाली डाग हटतोय की वाढतोय तेच कळत नाही.

मंगल काकी: आम्ही आपलं सांगितलं. शिकलेल्यांचंच चालू द्या.

कामत काका: पिंजरा जिन्याखालून हलवा. दुसऱ्यांदा लिहितोय.

प्रिया (ए-303): मुलं दिवसभर तिला उचलतात. त्यांना होणार नाही ना? 😟

डॉ. सावर्डेकर: क्वचित होतं. सध्या उचलू नका, हाताळलं तर साबणाने हात धुवा. मलम लावताना हातमोजे. मुलांच्या अंगावर गोल लाल चट्टा आला तर चामडीच्या डॉक्टरला दाखवा आणि घरात कोंबडी आहे हे सांगा.

शुभदा: लावायचं कसं ते नीट सांगा ना. ती मान झटकते, मलम भिंतीवर.

नाईकबाब: संध्याकाळी दांडीवर बसली की धरायची, तेव्हा शांत असते. टॉवेलात गुंडाळून डोकं तेवढं बाहेर. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस खपलीवर दोन मिनिटं धर. मऊ झालेली आपोआप सुटेल तेवढीच काढ. ओढलीस की रक्त, आणि रक्त दिसलं की बाकीच्या दोघी तिथेच टोचणार. म्हणून तिला वेगळी ठेव. जागा कोरडी पूस, मग इअरबडने पातळ थर, डागाच्या कडेच्या अर्धा सेंटिमीटर बाहेरपर्यंत. डोळे आणि नाकपुड्या सांभाळ. सकाळ-संध्याकाळ.

डॉ. सावर्डेकर: आणि तुरा लाल झाला म्हणून थांबायचं नाही. साफ दिसल्यावर आणखी दोन आठवडे. एकूण महिना-दीड महिना धरून चाला. तीन-चार आठवड्यांत फरकच नाही पडला तर खवले तपासायला द्यावे लागतील. पोटातलं औषध वजनावर ठरतं, यकृतावर ताण येतो आणि अंडीही बंद ठेवावी लागतात. ते मनाने सुरू करू नका.

गौरेश: अंडी बंद म्हणजे कामतकाकांचं फुकटचं ऑम्लेट बंद 🤣

कामत काका: मी पैसे देतो. विचारा शुभदाला. आणि पिंजरा हलवा.

सेक्रेटरी (ए-201): कृपया विषयाला धरून बोला. मेंटेनन्स अजून नऊ फ्लॅटचा बाकी आहे.

प्रिया: मेंटेनन्स घेता तर टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप का नाही बदलत? जिन्याखाली रोज ओल.

सेक्रेटरी: कोटेशन मागवलंय.

प्रिया: मे महिन्यापासून.

नाईकबाब: पाइपावर भांडा सावकाश, पण ओल हेच तर मूळ आहे. नुसत्या तुऱ्याला मलम आणि खाली ओलं तूस, म्हणजे बुरशीला घर. सगळं तूस पिशवीत बांधून फेका, तोंडाला मास्क लावा. आधी विष्ठा खरवडा, साबणाने धुवा, वाळू द्या. मगच ब्लीच: एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवायचं, धुऊन टाकायचं. घाणीवर ओतलं तर ब्लीच तिथेच वाया जातं. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये कधी मिसळू नका, विषारी वायू निघतो. लाकडी दांडी नवीन घाला, जुनीच्या भेगांत बुरशी उरते. नंतर तीन इंच कोरडं तूस, भिजलेला भाग रोज काढायचा. आता ऊन नाही, तेव्हा टेबलफॅन लावून वाळवा.

शुभदा: देव बरें करूं, नाईकबाब. पण त्याच जागी परत ठेवू?

डॉ. सावर्डेकर: नको. वारा खेळेल आणि वर छप्पर असेल अशी जागा हवी.

कामत काका: हेच मी सकाळपासून सांगतोय. चौथ्यांदा.

सेक्रेटरी: पूर्वेच्या पार्किंगचा कोपरा कोरडा आहे. फक्त तिथे ताडपत्रीखाली कामतांची जुनी स्कूटर आणि फ्रिज आहे.

शुभदा: कामत काका?

गौरेश: काका ऑनलाइन दिसतायत 👀

मंगल काकी: हळद तरी घालून ठेव गो दाण्यात.