झेडपी मेंबरच्या हातात नेमकं काय असतं?

शिवारातला:
नमस्कार मंडळी. आमच्या झेडपी गटाला (म्हणजे मतदारसंघाला) यावेळी महिला आरक्षण पडलंय आणि माझी मामी उभी राहायचं म्हणतेय. गेली बरीच वर्षं बचत गटांचं काम बघते, गटातल्या सगळ्या गावांत ओळख आहे, पण पक्षबिक्ष कधी केला नाही. आता घरात जो तो वेगळं सांगतोय. मामा म्हणतो मेंबरला काडीचा अधिकार नसतो, सगळं आमदार आणि सीईओच (मुख्य कार्यकारी अधिकारी) ठरवतात, उगाच खर्चात पडू नको. शेजारचे काका म्हणतात झेडपी म्हणजे मिनी मंत्रालय. आमच्याकडचे प्रश्न साधे आहेत, शाळेच्या दोन खोल्या कधीही पडतील अशा आहेत, आरोग्य उपकेंद्रात नर्स टिकत नाही, वस्तीचा रस्ता पावसात बंद होतो. यातलं मेंबरच्या हातात खरंच काय असतं? आणि 2022 पासून निवडणूक न झाल्याने मेंबरांऐवजी प्रशासक होता तरी गाडा चाललाच की, मग मेंबर पाहिजेतच कशाला असं पण लोक विचारतात, त्याला काय उत्तर द्यायचं?

जुना_टेबल:
मी झेडपीतच नोकरी केली, आधी बांधकाम मग सामान्य प्रशासन, आता रिटायर. तुम्ही लिहिलेले तिन्ही प्रश्न झेडपीचेच आहेत. प्राथमिक शाळा, पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्रं) आणि उपकेंद्रं, अंगणवाड्या, जनावरांचे दवाखाने, ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग, 100 हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव-बंधारे हे सगळं झेडपीकडे. पोलीस, लाईट, रेशन, सातबारा, सिव्हिल हॉस्पिटल, राज्यमार्ग हे नाही, त्यामुळे प्रचारात कोणी चोवीस तास लाईट देतो म्हणाला तर त्याला विचारा कुठल्या अधिकारात देणार.

1961 चा कायदा, 1 मे 1962 पासून झेडप्या सुरू झाल्या. वसंतराव नाईक समितीने जिल्हा पातळीलाच खरी ताकद द्यायला सांगितलं आणि आमदार-खासदार या सभागृहाचे मेंबर नसतात, हे आपल्याकडचं वैशिष्ट्य. त्यामुळेच जिल्ह्यात वेगळी फळी तयार झाली, आर. आर. आबा सांगली झेडपीतूनच वर आले.

सीईओ बहुतेक वेळा आयएएस असतो आणि त्याला सरकार पाठवतं, मेंबर नेमत नाहीत. पण दोन तृतीयांश मेंबरांनी ठराव केला तर सरकारला त्याला परत बोलवावं लागतं, हा अधिकार कायद्यात आहे. रोजचं काम चालतं ते समित्यांत. स्थायी, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, जलव्यवस्थापन अशा दहा समित्या असतात, आणि सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून एकदा तरी घ्यावीच लागते. बाहेरच्या माणसाला वाटतं सभेत नुसता आरडाओरडा होतो. मी आतून सांगतो, मेंबरने विचारलेलं इतिवृत्तात (सभेच्या लेखी नोंदीत) आलं की पुढच्या सभेत त्याचं अनुपालन, म्हणजे त्यावर काय केलं याचं उत्तर, द्यावं लागतं, आणि सभेच्या आदल्या दिवशी आम्ही रात्री आठ-नऊपर्यंत बसून तालुक्याला फोन लावायचो, अमुक उपकेंद्राचं काय झालं, तमुक रस्त्याचं बिल का थांबलं, लगेच लेखी पाठवा. महिनोन्‌महिने पडून असलेली फाईल त्या एका संध्याकाळी हलायची. मेंबरची खरी ताकद ही आहे.

माणगंगा:
जुना_टेबल साहेबांचं बरोबर आहे पण पैशाचं पण सांगा की. मामाला मी चूक म्हणणार नाही. केंद्राच्या 14 व्या वित्त आयोगात सगळा पैसा थेट ग्रामपंचायतीला गेला, झेडपीला काही नाही. 15 व्या आयोगात 80 टक्के ग्रामपंचायत, 10 पंचायत समिती आणि 10 झेडपी, त्यातलाही मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला. रस्ते, खोल्या यांचा मोठा पैसा येतो जिल्हा नियोजन समितीतून, तिथे अध्यक्ष पालकमंत्री. वर पंचवीस-पंधराची कामं (2515 या सरकारी लेखाशीर्षातली गावातली कामं), ती आमदाराच्या पत्रावर मंत्रालयातून मंजूर होऊन येतात, बोर्डावर नाव आमदाराचं, झेडपी मेंबर नारळ फोडायला शेजारी उभा. शिक्षक भरती सरकारच्या पवित्र पोर्टलवर गेली, बदल्या ऑनलाइन झाल्या. बदल्यांमधला बाजार थांबला ते चांगलंच झालं, पण आपल्या शाळेला शिक्षक द्या म्हणायला पण मेंबरकडे काही उरलं नाही.

स्वतःचा पैसा म्हणजे सेस, जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा वगैरे. त्यातला 20 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला बालकल्याण, 5 टक्के दिव्यांग, आणि बाकीचा मेंबरांत वाटून घेतला की एकेकाच्या वाट्याला गटार नाहीतर पेव्हर ब्लॉक येवढंच येतं. माझ्या मते ही वाटणीच झेडपीचं सगळ्यात मोठं नुकसान करते. सगळ्यांनी मिळून एका वर्षी फक्त शाळाखोल्यांना पैसे लावले तर दिसेल असं काम होईल, पण प्रत्येकाला आपल्या गटात काहीतरी दाखवायचं असतं.

भीमथडी:
प्रशासकावर मला बोलायचंय. गाडा चालला म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा की प्रशासक कोण होता. सीईओच! म्हणजे प्रस्ताव मांडणार तो, मंजूर करणार तो आणि खर्च करणार पण तोच. झेडपीचं बजेट 27 मार्चच्या आत सभागृहात मंजूर करायचं असतं, त्यावर तासन्‌तास चर्चा व्हायची, अमुक लेखाशीर्षाला (खर्चाच्या बाबीला) एवढेच का. या काळात ते एका सहीवर झालं. अधिकारी वाईट होते असं नाही, आमच्याकडचे दोन्ही सीईओ चांगले होते, पण बदली झाली की गेले, इथल्या माणसाला उत्तर द्यायला कोणी नाही. घटनेच्या 243ई मध्ये पाच वर्षांची मुदत आहे आणि मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असं स्पष्ट लिहिलंय. तरी ओबीसी आरक्षण, गट रचना, कोर्ट यात वर्षं गेली, शेवटी 6 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या, आणि ती मुदत पण वाढवावी लागली. विधानसभा तीन वर्षं रिकामी ठेवली असती का कोणी? गावच्या माणसाचं सभागृह म्हणूनच ते चालवून घेतलं, याचा मला फार राग आहे.

शिवारातला:
सगळ्यांचे आभार, मामीला वाचून दाखवलं. तिचा एकच प्रश्न, त्या दोन खोल्यांचं नेमकं काय करायचं? मुलं सध्या व्हरांड्यात बसतात.

जुना_टेबल:
त्यासाठी निवडून यायची वाट बघू नका. खोली धोकादायक असेल तर आधी निर्लेखन, म्हणजे ती वापरातून अधिकृतपणे काढून टाकणं, करावं लागतं, त्याशिवाय पाडता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, फोटो लावा, प्रस्ताव केंद्रप्रमुखामार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. मग बांधकामचा इंजिनिअर पाहणी करून दाखला देतो. प्रस्ताव अडकतो तो बहुतेक इथेच, कारण एका इंजिनिअरकडे ढीगभर गावं असतात. मेंबर असला की तो शिक्षण समितीत विचारतो, दाखला कधी देणार, तारीख सांगा. आणि नवीन खोलीची मागणी त्याच वेळी द्या, नाहीतर जुनी पाडली जाते आणि नवीन यादीत नावच नसतं.

वऱ्हाडची_ताई:
मी पंचायत समितीत एक टर्म होते म्हणून दोन गोष्टी सांगते. मामींनी उभं राहावंच, पण निवडून आल्यावर सभेला स्वतः जायचं. आमच्या वेळी बऱ्याच जणींचे नवरेच सगळं बोलायचे आणि त्या फक्त सही करायच्या. सभेची विषयपत्रिका आधी घरी येते, ती रात्री बसून पूर्ण वाचायची, समजलं नाही ते ग्रामसेवकाला नाहीतर एखाद्या जुन्या मेंबरला विचारायचं, आणि प्रश्न लेखी द्यायचे, तोंडी विचारलेला प्रश्न इतिवृत्तात येईलच असं नाही. मी पहिले सहा महिने नुसती ऐकत बसले होते, तसं त्यांनी करू नये. समिती मागताना महिला बालकल्याण द्या म्हणून गप्प बसवतात, त्यांना शाळा-दवाखान्यांचं करायचं असेल तर शिक्षण किंवा आरोग्यच मागायची.

अजून एक, मामा ठेकेदारी करत असतील आणि झेडपीचं काम चालू असेल तर अर्ज भरायच्या आधी वकिलाला दाखवून घ्या. झेडपीच्या कामात मेंबरचा हितसंबंध निघाला तर अपात्र ठरवतात, विरोधक पहिलं तेच शोधतात.

शिवारातला:
मामा शेतीच करतो ताई, तो प्रश्न नाही. शाळा समितीची मीटिंग सोमवारी लावलीय, ठरावाचा मसुदा इथे टाकतो, जुना_टेबल साहेब एकदा नजर टाका प्लीज.