ब्रेडी बाकावर असताना नेमकं काय करत होता?

बॉस्टनकर_आई
नमस्कार मंडळी. मुलगा दहावीत आहे, शाळेच्या फुटबॉल टीममध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा, पास फेकणारा खेळाडू (अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवाला). यंदा दुसऱ्या शाळेतून एक उंच, दणकट मुलगा आला आणि आमचा दुसऱ्या नंबरवर गेला. सरावात जेमतेम दोन-चार स्नॅप (चेंडू हातात मिळून सुरू होणारे डाव) वाट्याला येतात, तेही शेवटी शेवटी. घरी आला की बूट कोपऱ्यात भिरकावतो आणि खोलीत जाऊन बसतो. "आत्मविश्वास ठेव" असं मी म्हणते, पण ते पोकळ आहे हे मलाही कळतं. त्याच्या भिंतीवर टॉम ब्रेडी या नावाजलेल्या क्वार्टरबॅकचं पोस्टर आहे. तोही म्हणे बाकावर होता. तेव्हा त्याने प्रत्यक्ष काय केलं, कुणी नीट सांगेल का? सुविचार नकोत, प्लीज. इकडे शाळा बदलायची का, यावर घरात चर्चा सुरू झाली आहे.

ॲन_आर्बरवाला
ताई, जागा बदलायचं ब्रेडीच्याही मनात आलं होतं, म्हणून तिथूनच सुरू करतो. मिशिगन विद्यापीठात आला तेव्हा तो क्वार्टरबॅकच्या रांगेत सातवा होता. १९९७ मध्ये जागा ब्रायन ग्रीसीला मिळाली, टीम अख्खा सीझन अपराजित राहिली आणि हा बाकावर. घराजवळ, कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात निघून जावं असं त्याला वाटत होतं.

तिथल्या खेळाडूंसाठी ग्रेग हार्डन नावाचे समुपदेशक होते. ब्रेडी त्यांच्याकडे गाऱ्हाणं घेऊन गेला: मला सरावात दोनच स्नॅप मिळतात. हार्डन यांनी सांगितलं, मग त्या दोनांवर सगळं लक्ष दे, ते चोख खेळ. ब्रेडीने तेच धरलं. दोन स्नॅपसाठी तो असा धावत मैदानात जायचा, जणू सुपर बोलच, म्हणजे व्यावसायिक लीगचा अंतिम सामनाच आहे. दोनाचे चार झाले, चाराचे दहा. हे त्यानेच पुढे अनेकदा सांगितलंय.

आणि स्पर्धा तिथे संपली नाही हो! १९९९ मध्ये, शेवटच्या वर्षी, कोच लॉइड कार यांनी ड्रू हेन्सन या तरुण पोराला आणि ब्रेडीला आलटून पालटून खेळवलं. पहिला क्वार्टर (सामन्याचा पाव भाग) ब्रेडी, दुसरा हेन्सन, मग मध्यंतरात ठरायचं पुढे कोण. वरिष्ठ खेळाडूला हे किती झोंबलं असेल! तरी तो खेळत राहिला. त्याच सीझनच्या शेवटी ऑरेंज बोल या कॉलेज सामन्यात अलाबामाला ओव्हरटाइममध्ये ३५-३४ हरवलं तेव्हा ब्रेडीचे ३६९ यार्ड आणि चार टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) होते. एवढं करूनही २००० च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) १९९ वा! त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले.

त्याचा आत्मविश्वास मला सगळ्यात स्पष्ट दिसला तो फेब्रुवारी २०१७ च्या सुपर बोलमध्ये. अटलांटापुढे ३-२८ असे मागे. मी टीव्हीसमोर हात टेकले होते. ब्रेडी मात्र पुढचा पास, मग त्याच्या पुढचा पास, एवढंच बघत राहिला. बरोबरी साधणारी चढाई ९१ यार्डांची होती, तुकड्यातुकड्याने पूर्ण केलेली. शेवटी ओव्हरटाइममध्ये ३४-२८. अशा वेळी डोकं ताळ्यावर राहतं, कारण समोरचा डिफेन्स काय करणार हे आधी शंभरदा पाहिलेलं असतं.

कोथरूडची_फिजिओ
वरचं सगळं पटलं. फक्त एक विनंती, पोस्टरवरच्या माणसाचं डाएट आणि मसाज मुलाने कॉपी करू नये. ब्रेडी २३ सीझन खेळला, ४३ व्या वर्षी टँपा बे संघाकडून सुपर बोल जिंकला, आणि २०२२ मध्ये पंचेचाळिशीत ७३३ पास फेकले, जो एका सीझनचा विक्रम आहे. श्रेय तो स्नायू 'लवचीक' ठेवण्याच्या पद्धतीला देतो, पण तिच्यामागचा शास्त्रीय पुरावा तोकडा आहे. माझ्या मते तो टिकला कारण मार कमी खाल्ला. पळायला तो संथच, ४० यार्डांना ५.२८ सेकंद. म्हणून चेंडू झटकन हातावेगळा करायला शिकला. २००८ मध्ये पहिल्याच सामन्यात गुडघ्याचा लिगामेंट गेला आणि सीझन बुडाला. पुढच्या वर्षी नियमच कडक झाला: जमिनीवर पडलेल्या बचावपटूने क्वार्टरबॅकच्या पायांवर झेप घ्यायची नाही. दहावीतल्या मुलाला भरपूर झोप द्या, आणि जागा गेल्याच्या रागात घरी रोज तासन्‌तास चेंडू फेकू देऊ नका. खांदा धरतो.

बॉस्टनकर_आई
दोघांचे मनापासून आभार. हार्डन यांची गोष्ट रात्री जेवताना सांगितली. तो म्हणाला, "दोन स्नॅपचं ठीक आहे, पण बाकीचे दोन तास उभं राहून काय करू?" याला मला उत्तर देता आलं नाही.

ॲन_आर्बरवाला
फार चांगला प्रश्न विचारला पोराने. त्याला सांगा, कोचच्या पाठीमागे उभा राहा. फलंदाज जसा गोलंदाजाचं मनगट वाचतो, तसं प्रत्येक स्नॅपआधी शेवटच्या ओळीतले दोन सेफ्टी (बचावपटू) बघ. दोघं खोल आहेत की एकच? एखादा हळूच पुढे सरकतोय का? चेंडू निघायच्या आत मनात ठरव, कुणाला पास दिला असता. मग खरंच तो मोकळा होता का, ते तपास. चुकलं तर सराव संपल्यावर कोचला एकच नेमका प्रश्न विचार. असा प्रश्न विचारणारा मुलगा कोचच्या लक्षात राहतो.

आणि यजमानांना सांगा, सीझन संपेपर्यंत शाळा बदलण्याचा विषय त्याच्यासमोर काढू नका.