जस्टिनियनला ‘महान’ म्हणावे काय?

धंतोलीकर (प्रश्न)
नमस्कार. आमच्या अभ्यासमंडळात पुढील महिन्यात रोमन आणि बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) सम्राटांवर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ऑगस्टस आणि कॉन्स्टंटाइन यांच्याविषयी अडचण नाही, घोडे अडते ते जस्टिनियनपाशी (इ. स. ५२७ ते ५६५). बहुतेक पुस्तके त्याला ‘महान’ हे बिरुद लावून मोकळी होतात. परंतु ५३२ मध्ये राजधानी कॉन्स्टंटिनोपलमध्ये झालेल्या निका बंडात त्याच्या सैन्याने रथशर्यतींच्या मैदानात कोंडलेले सुमारे ३०,००० लोक कापून काढल्याचे त्याच काळातला इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. शिवाय ५३५ पासून जवळजवळ वीस वर्षे लढून मिळवलेल्या इटलीत सम्राटाच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांत लोंबार्ड या जर्मानिक टोळ्या शिरल्या, म्हणजे तो सारा खटाटोप पाण्यात गेला. मग त्याचा वारसा मोजायचा तरी कशावर? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

खंडपीठातील वकील
मी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतो, तेव्हा माझे माप कायद्याचेच असणार. जस्टिनियनने ५३० च्या डिसेंबरात ट्रिबोनियन या विधिज्ञाच्या हाताखाली एक मंडळ नेमले. जुन्या विधिज्ञांचे सुमारे २,००० ग्रंथ, म्हणजे तीस लाखांहून अधिक ओळी चाळून या मंडळाने निवडक उताऱ्यांचा, दीड लाख ओळींचा ‘डायजेस्ट’ हा संग्रह तीन वर्षांत सिद्ध केला. (हे आकडे सम्राटाच्याच घोषणापत्रातले आहेत, थोडी बढाई वजा करून घ्यावी.) ५३३ मध्येच विद्यार्थ्यांसाठी ‘इन्स्टिट्यूट्स’ हे छोटे पाठ्यपुस्तक निघाले आणि त्यालाही कायद्याचे बळ देण्यात आले. त्याच्या दुसऱ्या भागाच्या आरंभी हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा या गोष्टी निसर्गनियमाने सर्वांच्या समाईक आहेत, असे म्हटले आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीकाठच्या एका हॉटेलाच्या प्रकरणात १९९६ मध्ये सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व (नैसर्गिक संपत्ती सरकारने जनतेचा विश्वस्त म्हणून सांभाळावी) मांडले, तेव्हा त्याचे मूळ रोमन कायद्यातच दाखवले. आमच्या नागपुरातील अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या काठावरील बांधकामाचा विषय निघाला की आम्ही ज्या तत्त्वाचा आधार घेतो, त्याची मुळे इतकी मागे जातात. इटली गेली, पण हे राहिले.

नाणेसंग्राहक, महाल
वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, पण या कारभाराला पैसा कोठून आला, तेही पाहावे. आधीच्या अनास्तासियस या सम्राटाला (४९१ ते ५१८) फारसे कोणी विचारत नाही. त्याने ४९८ मध्ये व्यापारी व कारागिरांवरील जाचक कर रद्द केला, तांब्याच्या नाण्यांची घडी बसवली आणि प्रोकोपियसच्या म्हणण्याप्रमाणे ३,२०,००० रोमन पौंड सोने तिजोरीत मागे ठेवले. जस्टिनियनच्या मोहिमा आणि इमारती उभ्या राहिल्या त्या या शिलकीवर.

पुढची गोष्ट नाणीच सांगतात. जस्टिनियनच्या बाराव्या राज्यवर्षाचे, म्हणजे ५३८-३९ चे ‘फोलिस’ पाहावे. तळहातावर ठेवले तर वीस ग्रॅमहून जड भरणारे हे तांब्याचे नाणे आहे. एका बाजूस सम्राटाचा समोरून दिसणारा चेहरा आहे. दुसऱ्या बाजूस चाळीस एककांचे मूल्य दाखवणारे मोठे एम अक्षर, त्याच्या डावीकडे ‘वर्ष’ या अर्थाचा लॅटिन शब्द आणि उजवीकडे बाराचा रोमन आकडा आहे. त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत भारी फोलिस याच सुमारास निघाले. पुढील वर्षांची नाणी, विशेषतः ५४२ मध्ये राजधानीत प्लेग पोहोचल्यानंतरची, लहान आणि हलकी होत गेली. खुद्द सम्राटालाही प्लेगने गाठले होते. तो वाचला, पण करदाते मेले आणि युद्धे मात्र चालूच राहिली. माझ्या मते ‘महान’ हे बिरुद अनास्तासियसला अधिक शोभते.

निवृत्त शिक्षिका
धंतोलीकर, आपल्या प्रश्नातील एक गृहीतक तपासून घ्यावे. लोंबार्ड ५६८ मध्ये इटलीत शिरले हे खरे, पण सारी इटली काही गेली नाही. उत्तर इटलीतील राव्हेना ७५१ पर्यंत बायझंटाइनांकडे होते आणि आफ्रिकेतील कार्थेज ६९८ पर्यंत. पुढे हातून गेलेला प्रदेश म्हणजे वाया गेलेले श्रम, असे म्हणायचे झाल्यास नागपूरकर भोसल्यांच्या ओडिशालाही तोच न्याय लावावा लागेल. १७५१ मध्ये मिळालेला तो प्रांत १८०३ मध्ये गेला, म्हणून तो मिळवणाऱ्या पहिल्या रघूजींना कोणी नालायक ठरवत नाही.

दुसरे असे की, प्रोकोपियसला साक्षीदार म्हणून उभे करताना जपावे. एकाच माणसाने युद्धांचा इतिहास लिहिला, सम्राटाच्या इमारतींची तोंडभर स्तुती केली आणि गुप्तपणे त्याच सम्राटाला मानवी रूपातला राक्षसही म्हटले. शिलकीतल्या सोन्याचा आकडा या तिसऱ्या, विखारी ग्रंथातला आहे, हे नाणेसंग्राहकांनीही ध्यानात घ्यावे.

धंतोलीकर
सर्वांचे आभार. वकीलसाहेब, कायद्याचा हा वारसा अखंड चालत आला का?

खंडपीठातील वकील
नाही. पूर्वेकडे तो ग्रीक रूपात टिकला. नवव्या शतकाच्या अखेरीस सम्राट सहाव्या लिओच्या काळात त्याची नवी ग्रीक मांडणी झाली. पश्चिमेत मात्र ‘डायजेस्ट’ कित्येक शतके जवळजवळ विस्मरणात गेला होता आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील बोलोन्यात इर्नेरियस व त्याच्या परंपरेतील अध्यापकांनी तो पुन्हा शिकवायला घेतला, तेव्हा कोठे युरोपभर पसरला. त्यामुळे श्रेय वाटायचेच असेल तर ट्रिबोनियन आणि हे अध्यापक यांना आधी द्यावे लागेल. जस्टिनियनकडे उरते ते योग्य माणूस निवडल्याचे श्रेय. निका बंडात जमावाने ट्रिबोनियनला काढण्याची मागणी केली, तेव्हा सम्राटाने त्याला पदावरून दूरही केले होते, पण संहितेचे काम त्याच्याकडून काढून घेतले नाही.