वीवर एक्सफॅट ड्राइव्ह वाचायचा आहे, लिबफॅटच्या पुढे काय?

चोपडेकर_वी

राम राम मंडळी. घरच्या निन्टेन्डो वी या गेम कन्सोलसाठी एक छोटा व्हिडिओ प्लेअर लिहून राहिलो आहे. डेव्हकिटपीपीसी (वीसाठीचा कंपायलर) आणि लिबओजीसी (वीसाठीची लायब्ररी) वापरतो. प्लेअर आईसाठी आहे. रिमोट टीव्हीकडे रोखायचा, बटण दाबायचं, की लग्नाची फिल्म सुरू. त्यापलीकडे तिला काही नको. ड्राइव्हवर घरातल्या लग्नांच्या जुन्या कॅसेटी उतरवून ठेवल्यात, आणि आजीच्या अहिराणी ओव्यांची रेकॉर्डिंगं आहेत.

अडचण अशी की बहिणीच्या लग्नाची दीड तासाची फाईल ५ जीबीच्या वर जाते. फॅट३२ (ड्राइव्हवर फाइली मांडायची जुनी पद्धत) वर ती बसत नाही म्हणून पुतण्याने ड्राइव्ह एक्सफॅट (मोठ्या फाइली घेणारी पद्धत) केला. आता लॅपटॉपवर चालतो, अमळनेरला मामांच्या टीव्हीवर चालतो, फक्त वीवर लिबफॅट, म्हणजे फॅट वाचणारी लायब्ररी, त्याला हात लावत नाही. हाच ड्राइव्ह घरोघरी फिरतो, त्यामुळे परत फॉरमॅट करायचा नाही.

एक्सफॅटचं वाचन स्वतः लिहावं का? की तयार काही आहे? माझ्या कोडमध्ये दोन गोष्टी आधीच आहेत. पार्टिशन टेबलातला प्रकाराचा बाइट बघून मी फॅट३२ ओळखतो. आणि व्हिडिओ अडकू नये म्हणून फॅटची साखळी (फाईलचा पुढचा तुकडा कुठे आहे ते सांगणाऱ्या तक्त्यातल्या नोंदी) आधीच चालून सेक्टरांची, म्हणजे डिस्कच्या लहान कप्प्यांची, यादी करून ठेवतो.

भुसावळकर

भाऊ, स्वतः लिहू नका. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये एक्सफॅटचं स्पेसिफिकेशन खुलं केलं, ते वाचून लिहिता येईल, पण दोन महिने त्यात घालण्यापेक्षा ते आईच्या प्लेअरवर घाला. फॅटएफएस नावाची लहानशी सी लायब्ररी आहे, परवाना एकदम मोकळा, आणि २०१६ च्या आर०.१२ आवृत्तीपासून तिला एक्सफॅट येतं. कॉन्फिगच्या फाईलमध्ये एक्सफॅटचा पर्याय चालू करा, लांब नावांचाही करा, कारण त्यांच्याशिवाय एक्सफॅट चालत नाही. लांब नावांसाठी हीपवाला (लागेल तेव्हा मेमरी घेणारा) पर्याय घ्या. स्थिर बफरवाला दोन थ्रेडमधून (एकाच वेळी चालणाऱ्या कामांमधून) वापरला तर घोळ होतो, आणि प्लेअरमध्ये वाचनाचा थ्रेड वेगळा असणारच.

लिबओजीसीशी सांधा जोडायला फार काही लागत नाही. फॅटएफएसला खालून पाच फंक्शनं द्यावी लागतात: सुरू करणं, स्थिती, वाचणं, लिहिणं आणि किरकोळ नियंत्रण. यूएसबी स्टोरेजचा जो इंटरफेस लिबओजीसी देते, त्यात सेक्टर वाचायचं-लिहायचं फंक्शन तयारच आहे. बफर ३२ बाइटच्या सीमेवर ठेवा. वीचा प्रोसेसर बिग-एंडियन (आकड्याचा मोठा बाइट आधी) आहे आणि डिस्कवरचे आकडे लिटल-एंडियन (लहान बाइट आधी), पण फॅटएफएस आकडे एकेक बाइट उचलून जुळवते, त्यामुळे तिथे काही बदलायची गरज नाही. सेक्टरवर थेट स्ट्रक्चर बसवून वाचणारा कोड मात्र इथे हमखास चुकीचे आकडे देतो.

आता तुमच्या त्या दोन गोष्टी. दोन्ही काढा.

प्रकाराचा बाइट: एक्सफॅट आणि विंडोजची एनटीएफएस, दोघांचाही हेक्स ०७ च असतो. बाइटवरून ओळखायला गेलात तर एकाला दुसरा समजाल. विभागाचा पहिला सेक्टर उघडायचा, शून्यापासून मोजून तिसऱ्या बाइटपासून नाव लिहिलेलं असतं, ते बघायचं. फॅटएफएस हेच करते, एक्सफॅट ओळखायला त्या बाइटवर विसंबत नाही.

साखळीवाली गोष्ट जास्त घातक आहे, ती नीट समजून घ्या. एक्सफॅटमध्ये फाईल सलग जागेत बसली असेल तर तिच्या नोंदीत एक खूण असते, की हिची साखळी नाही. मग फॅट तक्त्यात त्या फाईलच्या घरांमध्ये काहीही असू शकतं, शून्यं किंवा आधी पुसलेल्या फाईलची जुनी साखळी. कोणती घरं भरली आहेत याचा हिशेब वेगळ्या बिटमॅपमध्ये असतो. तुमचा कोड ती खूण न बघता साखळी चालायला लागला, तर बहिणीच्या लग्नाच्या मधेच भलतीच फाईल वाचेल आणि एररही देणार नाही. आणि नव्या ड्राइव्हवर एकेक करून कॉपी केलेल्या मोठ्या फाइली बहुतेक सलगच बसतात, म्हणजे नेमक्या तुमच्याच फाइलींना हे लागू होतं. लायब्ररीला वाचू द्या. सलग फाईलमध्ये मागे-पुढे उडी मारताना तिला तक्ता वाचायला डिस्ककडे जावंच लागत नाही, त्यामुळे तुमची यादी नसली तरी व्हिडिओ अडकणार नाही.

एक आणखी. या प्रोसेसरवर सी मधला लाँग हा आकड्याचा प्रकार ३२ बिटांचा आहे, म्हणून फाईलमध्ये उडी मारायचं एफसीक फंक्शन २ जीबीच्या पुढे नेऊ शकत नाही. जागा आणि आकार ठेवणारे सगळे व्हेरिएबल ६४ बिटी करा आणि फॅटएफएसचं स्वतःचं उडीचं फंक्शन थेट वापरा.

धुळे_गल्ली४

एवढा खटाटोप कशासाठी? फाईलचे दोन तुकडे करा, फॅट३२ ठेवा. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाते सांगता येत नाही. फॅट३२ मध्ये तक्त्याच्या दोन प्रती असतात, एक्सफॅटमध्ये बहुधा एकच, जर्नल (बदल करण्याआधी ठेवलेली नोंद) तर नाहीच. लाइट गेली आणि ड्राइव्ह बिघडला तर ओव्या पुन्हा कुठून आणणार? आजी आहेत का आता?

भुसावळकर

दादा, लाइटचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, आणि मी तो आधीच लिहायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. पण धोका लिहिताना असतो. प्लेअरने ड्राइव्हवर काही लिहायचंच नाही. फॅटएफएसमध्ये फक्त वाचनाचा पर्याय आहे, तो चालू केला की लिहिणारी फंक्शनं बिल्डमधूनच गळतात. मग वाचता वाचता लाइट गेली तरी तक्ता होता तसाच राहील. फिल्म कुठे थांबली ही नोंद ठेवायची असेल तर वीच्या एसडी कार्डावर ठेवा. ते फॅट३२ असू दे, त्याला लिबफॅट पुरे. ते बिघडलं तर फक्त नोंद जाते. आणि चोपड्याचे भाऊ, ओव्यांची एक प्रत आजच दुसरीकडे काढून ठेवा. फाईल सिस्टीम कोणतीही असो.

तुकडे करणं मला पटत नाही. ड्राइव्ह मामांकडेही जातो, तिथे सप्तपदीच्या मधे फिल्म थांबेल आणि दुसरी फाईल शोधायला कोणीतरी उठेल.

चोपडेकर_वी

भाऊ, चालला! लग्न शेवटच्या वरातीपर्यंत सलग बघितलं, आई पाटावरून उठली नाही. धुळेकर दादा, आजी नाहीत आता. ओव्यांची प्रत काल बहिणीकडे नाशिकला पाठवली.

दोन गोष्टी राहिल्या. काही ओव्यांच्या फाइलींची नावं यादीत नुसतं प्रश्नचिन्ह म्हणून येतात, आणि जी येतात त्यांत ‘दिवाळी’ची पहिली वेलांटी द च्या उजवीकडे जाऊन बसते.

भुसावळकर

प्रश्नचिन्ह म्हणजे नाव बफरमध्ये मावलं नाही. तुम्ही नावांसाठी यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) निवडलं असणार, ते बरोबरच आहे, पण देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला आणि मात्रेला ३ बाइट लागतात. एक्सफॅटमध्ये नाव २५५ एककांपर्यंत जाऊ शकतं, म्हणून बफर ७६५ करा. फॅट३२ वर असं झालं तर निदान आखूड नाव तरी दिसतं. एक्सफॅटमध्ये आखूड नाव नसतंच, म्हणून प्रश्नचिन्ह.

वेलांटीचा ड्राइव्हशी संबंध नाही. फ्रीटाइप ही फॉन्टची लायब्ररी एकेक आकार काढून देते, त्यांचा क्रम आणि जोडाक्षरं लावत नाही. त्यासाठी हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी जोडावी लागेल. तेवढं नको असेल तर फाईलच्याच नावाचं एक पीएनजी शेजारी ठेवा आणि यादीत ते दाखवा. लग्नांना नवरा-नवरीचा फोटो, ओव्यांना आजीचा.